फोनवर ४१ दिसलं तरी कोट घाला

(भुसावळहून आलेलं पत्र थोडक्यात देते.)

"नमस्कार ताई. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेत. धाकटी लेक शिकागोजवळ असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे जातोय, मे संपेपर्यंत राहू. जावयांनी सगळं आखून ठेवलंय. पोचल्यावर लगेच वॉशिंग्टनची चेरीची फुलं आणि नायगारा, मग कॅलिफोर्नियात योसेमिटी, मेच्या मध्यावर माझ्या भाच्याकडे डॅलसला, आणि शेवटी लास वेगस, ग्रँड कॅन्यन. जावई म्हणतात, स्प्रिंग आहे, मस्त हवा असते, एखादा स्वेटर टाका. लेक म्हणते, जाड कोटाशिवाय येऊच नका. आणि आमचे हे म्हणतात, ज्याने भुसावळचा मे काढला त्याला हवा काय करणार! कोणाचं ऐकू? डॅलसकडे मोठमोठी वादळं होतात म्हणे, ते खरं का?"
– लेकीची आई, भुसावळ

ताई, तिघांपैकी लेकीचं ऐका. जावई खोटं बोलत नाहीत. एप्रिल-मेमध्ये तिकडे असे काही दिवस येतात की घरात पाय ठरत नाही. पण तो दिवस कुठल्या गावी आणि कुठल्या तारखेला उगवणार, हे काही जावयांच्या हातात नाही. राहिले दाजी. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच सांगा, की शिकागोत एखाद्या सकाळी लेकीच्या फोनवर हवेचा आकडा ४१ दिसेल. आपल्याकडे एप्रिलात ४१ म्हणजे रोजचंच, म्हणून ते बनियनवरच दार उघडून बाहेर पडतील. ते ४१ फॅरनहाइट असतं. आपल्या मोजणीत पाच अंश.

तिकडे फोन, टीव्ही, गाडी, घरातला हीटर, सगळीकडे फॅरनहाइटच चालतं. तोंडी हिशेब सोपा आहे: आकड्यातून तीस वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं करायचं. ५० म्हणजे दहा, ७० म्हणजे वीसच्या जरा वर, ९० म्हणजे तिशी ओलांडलेली. ३२ ला पाणी गोठतं. आपलं ४५ तिकडे ११३ होतं. तो आकडा तुमच्या दौऱ्यातल्या गावांत दिसायचा नाही.

आता मूळ प्रश्न. 'अमेरिकेत स्प्रिंगला हवा कशी असते' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, कुठे, किती उंचीवर, आणि कितव्या आठवड्यात? या तीन गोष्टी कळल्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तिकडचं हवामान खातं मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांना स्प्रिंग म्हणतं. पण त्याच तीन महिन्यांत ॲरिझोनाच्या वाळवंटात लोक पोहायच्या तलावात उतरलेले असतात आणि कोलोरॅडोच्या डोंगरावर लोक बर्फावरून घसरत असतात. दोन्ही अगदी एकाच दिवशी.

नकाशा काढून बसा म्हणजे दाजींनाही पटेल. भुसावळ साधारण २१ अक्षांशावर आहे. त्या रेषेवरून सरळ जात राहिलात तर अमेरिकेतलं फक्त हवाई बेटांवरचं होनोलुलू जवळपास लागतं. अमेरिकेची सगळी मुख्य भूमी, अगदी फ्लोरिडाचं शेपूटसुद्धा, आपल्या उत्तरेला आहे. तुमच्या भाच्याचं डॅलस जम्मूच्या रेषेवर येतं. लेकीचं शिकागो ४२ वर, म्हणजे श्रीनगरच्याही बरंच वर. तेव्हा भुसावळचा एप्रिल डोळ्यांपुढे ठेवून बॅग भरायचीच नाही.

दुसरी गोष्ट डोंगरांची. आपल्या डोक्यावर हिमालय पूर्व-पश्चिम आडवा पडलाय, त्यामुळे पलीकडची बर्फाळ हवा अडते. अमेरिकेत रॉकी पर्वताची रांग उत्तर-दक्षिण उभी आहे. तिच्या पूर्वेला कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवं असं काहीच नाही, सगळं मैदान. उत्तरेची गार कोरडी हवा थेट टेक्सासपर्यंत खाली येते, आखाताची दमट उबदार हवा थेट शिकागोपर्यंत वर चढते. हिवाळ्यात एकीचं राज्य, उन्हाळ्यात दुसरीचं. स्प्रिंगमध्ये मात्र दोघी जोरात असतात आणि रोज हद्दीवरून भांडतात. म्हणूनच सकाळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दुपारी गडगडाट आणि रात्री गारठा हे तिकडे कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे मार्च संपला की पुढचे दोन महिने ऊनच ऊन, हवा विचारायची गरजच पडत नाही. तिकडे लोक घराबाहेर पडण्याआधी फोन बघतात, आणि दुपारी परत बघतात.

शिकागोचं थोडं जास्त सांगते, कारण तुमचा मुक्काम तिथेच आहे. एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरी १५ अंशांच्या आसपास, पहाटेचा पाचच्या आसपास. मेमध्ये दुपारी २१, पहाटे ११. ऐकायला छान वाटतं. पण या सरासरीत २५ अंशांची दुपार आणि बर्फ भुरभुरणारी सकाळ अशी दोन्ही माणसं बसलेली असतात. एप्रिलात शिकागोत थोडाफार बर्फ पडणं अजिबात विशेष नाही, फक्त तो टिकत नाही.

शिवाय तिथे मिशिगन नावाचं तळं आहे. तळं म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नाही. या पाण्यात हिवाळा मेपर्यंत साठून राहतो. वारा शहराकडून तळ्याकडे वाहत असेल तोवर ठीक. तो फिरून तळ्याकडून यायला लागला की काठावरच्या भागात पारा तासाभरात सात-आठ अंशांनी खाली येतो. तिथल्या हवामानाच्या बातम्यांत 'तळ्याकाठी जास्त गार' हे वाक्य स्प्रिंगभर रोज ऐकाल. मिलेनियम पार्कात ते घेवड्याच्या आकाराचं, आरशासारखं चकचकीत भलंमोठं शिल्प आहे ना, सगळे ज्याच्यासमोर फोटो काढतात ते, तिथे उंच इमारतींच्या आडोशाला ऊन बरं लागतं, कोटाची बटणं सुटतात. तिथून पंधरा मिनिटं पूर्वेला चालत पाण्याशी या. डोळ्यांतून पाणी येतं, पदर हातात राहत नाही, कानाच्या पाळ्या दुखायला लागतात. आणि शेजारून एखादा पोरगा अर्धी चड्डी घालून पळत जातो. त्याच्याकडे बघून दाजींनी हुरळून जाऊ नये. तो शून्याखालचे चार महिने काढून आलेला असतो, त्याला बारा अंश म्हणजे उन्हाळा. आपण ४० मधून एका रात्रीत उतरतो. शरीराला हवा अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात. उन्हाची सवय थंडीत कामाला येत नाही.

म्हणून माझा खरा सल्ला कपड्यांचा नाहीच, आखणीचा आहे. जावयांनी गावं चांगली निवडलीत, क्रम उलटा लावलाय. स्प्रिंगमध्ये तिकडे हिंडायचं तर आधी दक्षिण आणि वाळवंट, नंतर उत्तर आणि डोंगर. म्हणजे ऊन जसं वर सरकतं तसं त्याच्या मागून आपण.

चेरीच्या फुलांपासून सुरू करते, कारण तुमचं मन तिथे अडकलेलं दिसतंय. वॉशिंग्टनची ती झाडं टोकियो शहराने १९१२ मध्ये भेट दिलेली, तीन हजारांवर. दर वर्षी बहराचा दिवस वेगळा. सत्तर टक्के कळ्या उमलल्या की 'पूर्ण बहर' जाहीर करतात, आणि तो बहुतेक वर्षी मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा यात येऊन जातो. १९९० मध्ये तो १५ मार्चलाच आला होता, १९५८ मध्ये १८ एप्रिलपर्यंत लांबला होता. पाऊस-वारा नसेल तर बहर काही दिवस टिकतो, वादळी पाऊस झाला तर एका रात्रीत पाकळ्यांचा सडा. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात उतरणार, झोपेची घडी बसायला चार-पाच दिवस. म्हणजे पोचाल तोवर हिरवी पानंच हाती लागायची शक्यता जास्त. दुहेरी पाकळ्यांची एक उशिरा फुलणारी जात असते, तिचा बहर पंधरवडाभराने येतो, पण तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका. वॉशिंग्टन बघायचंच असेल तर मेमध्ये कधीही जा. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत आणि हवाही उबदार असते.

आणि फुलांची हौस शिकागोतच भागेल. शहराच्या पश्चिमेला लोम्बार्ड नावाचं उपनगर आहे, तिथल्या बागेत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लायलॅक फुलतात, जांभळे-पांढरे तुरे, आणि वास असा की आधी वासच येतो, झुडूप मागून दिसतं. घरापासून गाडीने जाऊन याल. चेरीला वास नसल्यातच जमा असतो, हे कोणी सांगत नाही.

तर उतरल्यावर पहिला आठवडा लेकीकडे स्वस्थ बसा. मग एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भाच्याकडे डॅलसला जा. तिथे तेव्हा दुपारी पंचविशीच्या आसपास असतं, मेच्या मध्यावर तीसच्या घरात आणि दमट. एप्रिलच्या मध्यापर्यंत रस्त्याच्या कडेला निळ्या रानफुलांचे ताटवे असतात, ब्लूबॉनेट म्हणतात, टेक्सासचं ते राज्यफूल. डॅलसच्या दक्षिणेला एनिस नावाचं गाव आहे, लोक खास ती बघायला तिकडे जातात. थोडे उशिरा पोचाल, पण भाच्याला विचारून ठेवा, उरलेली असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता तुमचा वादळाचा प्रश्न. खरं आहे. मगाशी सांगितलं त्या दोन हवांचं भांडण सगळ्यात जोरात होतं ते टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या पट्ट्यात. पश्चिमेच्या वाळवंटातून येणारी तिसरी, कोरडी हवा त्यात भर घालते. दमट हवा जमिनीलगत, कोरडी गार तिच्या डोक्यावर, आणि वर जाल तसा वाऱ्याचा जोर आणि दिशा बदलत जाते. अशा वेळी मोठा ढग स्वतःभोवती फिरायला लागतो आणि कधी कधी त्यातून सोंड खाली उतरते. तो टोर्नेडो. अख्ख्या देशात वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास होतात आणि मेमध्ये सगळ्यात जास्त. यातले बहुतेक कमी जोराचे आणि थोड्या वेळाचे असतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये वारा सुटला की रावेर-यावलच्या केळीबागा तासाभरात आडव्या होतात, तो वारा पंचक्रोशीवर पसरलेला असतो. टोर्नेडो एका गल्लीतून जातो. या गल्लीत छपरं उडतात, पलीकडच्या गल्लीत दोरीवरचे कपडेही जागेवर. पाहुण्याला तो गाठण्याची शक्यता फार कमी, म्हणून घाबरून डॅलस रद्द करू नका. पण दोन शब्द पाठ करून जा.

'टोर्नेडो वॉच' म्हणजे आज हवा तशी आहे, लक्ष असू द्या. जेवण चालू ठेवा, पण लांब फिरायला जाऊ नका. 'टोर्नेडो वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर धरलाय, आत्ताच्या आत्ता आसरा घ्या. फोन असा कर्कश किंचाळतो की झोपलेला माणूस उठून बसतो. त्या वेळी खिडकीशी जाऊन बघत उभं राहायचं नाही. आपल्या लोकांना नेमका तोच मोह होतो, आणि दाजींना तर नक्की होईल. घराला तळघर असेल तर तिथे, नसेल तर (टेक्सासच्या घरांना बहुधा नसतं) तळमजल्यावर, घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या खोलीत. न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली. पायात चपला घालून. पोचल्या दिवशीच भाच्याला विचारा, 'आपल्या घरात ती जागा कोणती?' शिकागोकडेही टोर्नेडो होतात, म्हणून हाच प्रश्न लेकीलाही. आणि तिकडे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगे वाजले तर दचकू नका, ती चाचणी असते.

टोर्नेडोपेक्षा गारपीट आणि विजा यांच्याशी गाठ पडायची शक्यता कितीतरी जास्त. डॅलसला एप्रिल-मेच्या संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडून गाड्यांचे पत्रे चेपल्याच्या बातम्या दर वर्षी असतात. अशा संध्याकाळी विमानंही रखडतात. तेव्हा डॅलसहून पुढचं विमान सकाळचं घ्या आणि मध्ये बदलायचं असेल तर भरपूर वेळ ठेवा. हे जावयांना आवर्जून सांगा. तरुण माणसं पन्नास मिनिटांत विमान बदलण्याचे बेत करतात आणि गुडघे आपले दुखतात.

डॅलसहूनच लास वेगस आणि ग्रँड कॅन्यन उरकून घ्या, एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात. जावयांनी हे मेच्या शेवटी ठेवलंय, तेव्हा वेगसला पस्तिशीच्या आसपास असतं. आपल्याला ते काहीच नाही, खरंय; उलट दाजींना तिथे माहेरी आल्यासारखं वाटेल. फसगत पुढे आहे. वेगस दोन हजार फुटांवर, कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर. आपलं तोरणमाळ पावणेचार हजारांच्या आसपास आहे, शहाद्याहून वर चढताना हवेत किती फरक पडतो ते तुम्ही अनुभवलं असेलच. हा काठ त्याच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिलमध्ये काठावर दुपारी पंधरा-सोळा अंश आणि पहाटे शून्य. मेमध्ये दुपारी एकवीस, पहाटे चार. सकाळी वेगसला चहा घेऊन निघालेली माणसं, टी-शर्टवर, दुपारी काठावर उतरतात आणि भेटवस्तूंच्या दुकानात जाऊन दुप्पट पैशात स्वेटशर्ट विकत घेतात. त्या दुकानात त्यांचे ढीग लावलेले असतात ते काही उगीच नाही.

तिथला सूर्योदय बघायला सगळे जातात, तुम्हीही जाल. तेव्हाचं सांगते. मॅथर पॉइंटवर अंधारात पोचायचं. कठड्याची लोखंडी नळी हाताला चटका लागावा इतकी गार, वाहनतळावरच्या डबक्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा, बुटाने दाबला की कचकन मोडणारा. सावलीतल्या खडकाच्या बेचक्यात जुना बर्फ. ऊन वर आलं की पहिल्यांदा कानटोपी निघते, मग मफलर, नऊ वाजता जॅकेट, आणि अकराला उन्हात स्वेटरही नको होतो. पण झाडाखाली सावलीत जा, परत हवा. हवा इतकी कोरडी की ऊन आणि सावली यांत दोन वेगळी गावं वाटतात. ओठ फुटतात, घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायचं सुचत नाही. तहान लागो न लागो, घोट-घोट पीत राहा.

दरीत उतरायची पायवाट बघून मोह होईल. खाली जाल तशी हवा तापत जाते; तळाशी नदीकाठी काठापेक्षा दहा-बारा अंश जास्त असतात. शिवाय इथे आधी उतरण आणि मग चढण, म्हणजे दमल्यावर चढायचं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वर यायला धरा. पंधरा मिनिटं उतरून फोटो काढून परत फिरा. त्याच दिवशी नदीपर्यंत जाऊन वर येऊ नका, असं तिथले वनरक्षक धडधाकट तरुणांनाही बजावतात.

मेची सुरुवात ते मध्य शिकागोत. हा तिथला सगळ्यात देखणा काळ. एप्रिलात जी झाडं काटक्यांसारखी उभी होती ती पंधरा दिवसांत भरून येतात, सूर्य रात्री आठपर्यंत मावळत नाही, आणि स्वयंपाक उरकूनही फिरायला उजेड शिल्लक असतो.

नायगारा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा. एप्रिलच्या मध्यावर गेलात तर धबधबा दिसेल, पण पायथ्याशी नेणारी बोट चालू असेल याची खात्री नाही. नदीतला बर्फ किती लवकर सरतो त्यावर ती सुरू होते, म्हणून तारीख दर वर्षी बदलते. बोटीत निळा प्लॅस्टिकचा रेनकोट देतात, तरी मान आणि पावलं भिजतात. पाणी मेमध्येही बर्फासारखं असतं. कोरडे मोजे पर्समध्ये ठेवा. पलीकडच्या, म्हणजे कॅनडाच्या काठावरून दृश्य जास्त चांगलं, पण त्याला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. नसेल तर अलीकडूनच समाधान माना.

योसेमिटी शेवटी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. इथे उशीर केलेला फायद्याचा. तिथले धबधबे वरच्या डोंगरावरचा बर्फ वितळून वाहतात आणि मे-जूनमध्ये सगळ्यात भरात असतात. योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट उंच आहे. ऑगस्टनंतर पुष्कळदा तो नुसता काळा ओघळ उरतो. दरीत दुपारी हवा सुखाची, रात्री गारठा. टायोगा खिंडीचा वरचा रस्ता मात्र बर्फामुळे बहुधा मेअखेर किंवा जूनमध्येच उघडतो, तेव्हा तिकडून पलीकडे उतरण्याचा बेत जावयांनी केला असेल तर तो आधी तपासायला सांगा. मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे मेमोरियल डेची सुट्टी असते. त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी योसेमिटीत जाऊ नका; सप्तशृंगीला चैत्र पौर्णिमेला असते तशी गर्दी, आणि गाडी लावायला जागा नाही.

जाता-येता सॅन फ्रान्सिस्को लागेल. 'कॅलिफोर्निया म्हणजे ऊन' हे ज्याने पसरवलं तो या शहरात उतरलाच नसावा. मेमध्येही दुपारी सतरा-अठरा, समुद्रावरून बोचरा वारा, आणि गोल्डन गेट पुलावर धुकं. जॅकेट हवंच. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरही मे-जूनमध्ये सकाळी आभाळ करडं असतं, तिथले लोक त्याला वैतागलेले असतात.

ज्यांची मुलं दुसरीकडे आहेत त्यांच्यासाठी घाईघाईत: सिएटलला जूनपर्यंत भुरभुर चालू, डेन्व्हरला एप्रिलमध्ये बर्फ हमखास धरा, न्यूयॉर्क मेमध्ये छान, पण पाऊस कधीही, फ्लोरिडा मेच्या मध्यापर्यंत उत्तम, नंतर रोज दुपारी पाऊस आणि उकाडा. यलोस्टोनसारख्या डोंगरातल्या उद्यानांचे रस्ते टप्प्याटप्प्याने उघडतात, जूनआधी जाऊच नये असं माझं मत.

आता स्वेटर की कोट. कोट हवा, पण तो इकडून विकत घेऊन नेऊ नका. एप्रिलमध्ये तिकडच्या दुकानांतून हिवाळी माल निघत असतो, अर्ध्या किमतीत मिळतो. लेकीकडे जुना पडलेला असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. इकडून न्यायचं ते आतलं. थर्मलच्या दोन जोड्या, एक हलका लोकरी स्वेटर, कानटोपी (डिसेंबरच्या थंडीत वापरता तीच), मफलर, मोजे भरपूर. सगळ्यात वर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं, टोपी असलेलं जॅकेट. एकावर एक घालायचे, लागेल तसे काढायचे. एकच जाड कपडा नेला की माणूस एक तर घामाघूम नाही तर कुडकुडत. छत्री शिकागोच्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी उलटी होते. साडी नेसायची तर आतून थर्मलची विजार आणि पायात बूट; चपला घरात. आणि जॅकेट मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. भुसावळला गाडीत बसताना लोक हसतील, हसू द्या. विमानातून उतरून जावयांच्या गाडीपर्यंत जाताना लागेल तेव्हा मोठी बॅग उघडता येत नाही.

घरातला हीटर हवा कोरडी करतो, त्याने टाचा भेगाळतात. खोबरेल तेल नेणार असाल तर ते २४ अंशांखाली थिजतं, बाटलीतून निघत नाही. रुंद तोंडाच्या डबीत भरा. आणि एक, ज्याचा कोणी विचार करत नाही: एप्रिल-मेमध्ये तिकडे झाडांचे परागकण हवेत इतके असतात की गाडीच्या काचेवर पिवळी धूळ बसते. डोळे चुरचुरणं, शिंका, घसा खवखवणं सुरू झालं की माणसांना सर्दी झाली असं वाटतं. दाजींना दमा किंवा ॲलर्जी असेल तर आपल्या डॉक्टरांकडून औषध आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन जा.

रोजची हवा बघायला त्यांच्या सरकारी हवामान खात्याची, नॅशनल वेदर सर्व्हिसची, वेबसाइट आहे. फुकट, जाहिरात नाही. गावाचा पिनकोड टाकला की सात दिवसांचा अंदाज येतो. तासातासाचा तक्ताही मिळतो, तोच बघायचा, कारण 'आजचं तापमान १८' यावरून सकाळी आठचं काही कळत नाही. चार दिवसांपलीकडचा अंदाज हाताशी धरून तिकीट काढू नका. रद्द करता येतील अशीच बुकिंग घ्यायला जावयांना सांगा, चार पैसे जास्त गेले तरी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बहुधा तुम्ही तिकडे असतानाच येईल. लेकीच्या माहेरपणाचा सण आणि माहेरच तिच्या घरी गेलेलं, तेव्हा घागर तिकडेच भरा. पण झोका बाहेर बांधणार असाल तर आधी फोनवर वारा बघा.

राहता राहिलं परतणं. मेअखेर तुम्ही पंधरा-वीस अंशांतून निघणार आणि भुसावळ त्या वेळी तापून लाल. सात आठवड्यांत उन्हाची सवय बरीच मोडलेली असते, त्यामुळे दाजींचा 'भुसावळचा मे काढलाय' हा दाखला तेव्हा चालणार नाही. मुंबईहून रात्रीची गाडी धरा म्हणजे सकाळी लवकर घरी पोचाल. पहिले आठ दिवस दुपारी अकरा ते पाच बाहेर पडू नका, बँकेचं काम असलं तरी. आणि कूलरचं गवत बदलून, टाकी धुऊन ठेवायला शेजारच्यांना निघण्याआधीच सांगून जा; आल्या दिवशी मिस्त्री मिळत नाही.